घरोघरची मैना

फार फार जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हाच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत.

नदीकाठी वीणा करणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथल्या रत्नाप्पाने एक हलकी वीणा घडवली. दांडी अरुंद, भोपळा लहान, तारा सैल. लहान हातांना, आखडलेल्या बोटांनाही ती वाजवता यायची. तिचं नाव त्याने ठेवलं मैना.

मैनेचं नाव झालं. लोक लांबून विचारत येऊ लागले, तसं शेजाऱ्याने आपल्या जड वीणेलाही मैनाच म्हणायला सुरुवात केली. पलीकडच्याने राजमैना काढली. आणखी एकाची धाकटी मैना थोरलीपेक्षा मोठी होती. रत्नाप्पा आधी चिडला. पण लोक राजमैना मागतात हे पाहून त्यानेही एक रुंद, घट्ट तारांची वीणा केली आणि तिलाच राजमैना म्हटलं. जुनी मैना करणं त्याने हळूहळू सोडून दिलं.

डोंगरापलीकडे सावंत्री नावाची बाई देवळात वीणा वाजवत असे. आजारपणाने तिची बोटं आखडली होती, तरी रत्नाप्पाच्या मैनेवर ती चालायची. एकदा छपराचं आढं कोसळलं आणि ती वीणा चिरडली.

तिचा नवरा कुंभार. त्याला वाद्यातलं काही कळत नव्हतं. नाव तेवढं पाठ होतं. तो चालत त्या गावी गेला. ज्या दारात विचारावं, तिथे मैना होतीच. शेवटी तो रत्नाप्पाकडे पोचला. रत्नाप्पाने राजमैना पुढे केली आणि आता हीच मैना, असं सांगितलं. वाजवणार कोण, हे त्याने विचारलं नाही.

सावंत्रीने वीणा मांडीवर घेतली, तेव्हाच ही ती मैना नव्हे, हे तिला कळलं. पण नवऱ्याच्या पायांना फोड आले होते. ती रोज ओठ दाबून वाजवत राहिली. पावसाळा सरता सरता तिचा डावा हात मनगटापासून निकामी झाला.

मग दोघं मिळून रत्नाप्पाकडे गेली. तिचा हात पाहताच रत्नाप्पा जुनी मैना पुन्हा करून देतो, म्हणून विनवू लागला.

सावंत्री म्हणाली, "आता कशाला करता, दादा? वाजवणार कोण?"

नवरा म्हणाला, "माझ्याकडे नुसतं नाव होतं. ते मी तुमच्या भरवशावर घेऊन आलो होतो."

दोघं वीणा ओट्यावर ठेवून निघून गेली. देवळात त्यानंतर वीणा वाजली नाही.

ही हकिगत गावोगाव पसरली. माणसं फसवणुकीलाच मैना म्हणू लागली. गिऱ्हाईक आटलं, कारागीर पीठ मळायच्या लाकडी काठवटी कोरू लागले. रत्नाप्पाने मात्र खरी मैना पुन्हा घडवली, अगदी पहिल्यासारखी. ती घेऊन तो बाजारात बसायचा. लोक नाव विचारायचे, आणि नाव ऐकताच पुढे जायचे. तो मेला तेव्हा ती वीणा विकायची तशीच राहिली होती.

ज्या नावावर काहीही खपवलं जातं, त्या नावावर शेवटी खरंही खपत नाही.