कतरीनामायचं जातं

उंबरखाडीचं जुनं चर्च जाड भिंतींचं, बसक्या गोल कमानींचं. त्याचं दार उघडताना करकरत नाही. आत कुणी दळायला बसलं असावं तशी घरघर येते. पाहुणे थबकतात. मग चर्चची देखभाल करणारे इनास आजोबा कोपऱ्यात वाकून दाराच्या खुंट्याखालचा काळा, गोल दगड दाखवतात. “हे कतरीनामायचं जातं,” म्हणतात आणि पायरीवर टेकतात.

फार पूर्वी, असं सांगतात, खाडीतून लुटारूंची गलबतं येत. तेव्हा सारं गाव चर्चमध्ये कोंडून घेई. पण दार अवजड, आणि त्याचा खुंटा फिरायचा तो दगड किनाऱ्यावरचा, मऊ. एका पावसाळ्यात तो फुटला नि दार कलंडलं. समुद्र निवळला की गलबतं येणार होती. घाटावरून काळा दगड आणायला सवड नव्हती.

तसा दगड गावात एकच होता, म्हणे. कतरीनामायने घाटावरच्या माहेराहून आणलेलं मोठं जातं. नवऱ्यामागे लोकांची दळणं दळून ती दोन लेकरं पोसत होती.

पासकू पाथरवट तिच्या दारात आला. “माय, जात्याचा वरचा दगड दे. भोक आयतंच आहे.”

“आणि मी दळू कशावर? तुझ्या टकलावर?”

जमलेली माणसं हसली. ती हसली नाही. जातं दिलं तर लेकरांची चूल विझणार. न दिलं तर लेकरंच जायची. तिने दगडावरचं उरलंसुरलं पीठ पदराने झाडून घेतलं.

“न्या,” शेवटी म्हणाली. “पण मला भीक घालायला कुणी येऊ नका.”

दार बसलं. गलबतं आली, लुटारूंनी दारावर ओंडके आदळले, दार हललं नाही. गाव वाचलं. कतरीनामायची चूल मात्र थंड पडली, आणि तिच्या शब्दापुढे पीठ घेऊन जायचं कसं, हे कुणाला कळेना. अखेर पासकूची बायको टोपली घेऊन गेली.

“माय, तुझं दळण आणलंय.”

कतरीनामायने पीठ चिमटीत घेतलं, चोळलं. चोळतच राहिली.

“जाडंभरडं आहे,” ती म्हणाली. “उद्या बारीक दळून आण.”

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरून पीठ आलं. तेही तिला जाडच लागलं, म्हणे.

आजही उंबरखाडीत लग्नघरचं पहिलं पीठ नवरी एखाद्या एकट्या बाईच्या घरी पोचवते. गिरणीतून कितीही मऊ दळून आणलेलं असो, ती बाई ते चिमटीत चोळते, नाक मुरडते, “जाडच आहे गं,” म्हणते, आणि डबा आत घेते.