मधला उसासा

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ज्या नगरात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. पण लहानांनी काय, मोठ्यांनी काय, ऐकून ठेवावी अशी ती आहे. तेव्हा नीट बसा आणि ऐका.

एका उंच टेकडीवर एक नगर होतं. टेकडी कातळाची, त्यामुळे विहिरीला पाणी लागत नसे. नगराला पाणी यायचं ते दूर डोंगरातल्या तलावातून, जमिनीत पुरलेल्या खापरी नळातून. हा नळ डोंगराच्या कडेकडेनं, झाडाझुडपांखालून हळूहळू उतरत नगरापर्यंत येई. वाटेत ठिकठिकाणी दगडी मनोरे बांधले होते. नळातली हवा त्यांतून बाहेर पडे, म्हणून लोक त्यांना उसासे म्हणत. उसाशात डोकावलं की खाली वाहतं पाणी दिसे. पण आत जनावर पडू नये म्हणून प्रत्येकाच्या तोंडावर जाडजूड शिळा बसवलेली होती. एक शिळा पहारींनी हलवायची, तर धट्ट्याकट्ट्या माणसांचा अख्खा दिवस जाई.

त्या नगरात पाणीविद्येची एक शाळा होती. तिथे हैमवतीबाई शिकवायच्या. त्यांची शिकवण्याची तऱ्हा जरा निराळी होती. मुलांपुढे एखादा बिघडलेला रहाट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हात लावायच्या आधी मला सांगा, बिघाड कुठे नाही?" मुलं चक्रावून जायची. बिघाड कुठे आहे हे विचारावं, तर बाई उलटंच विचारतात!

त्यांच्या विद्यार्थ्यांत तेजोनिधी सगळ्यांत हुशार समजला जाई. नळ पूर्वी कधी, कुठे आणि कशानं तुंबला होता, हे त्याला तोंडपाठ होतं. रेवा नावाची मुलगी तशी मागे पडायची. तिच्या लक्षात फारसं राहत नसे. पण एखादी गोष्ट पटल्याशिवाय ती पुढे सरकत नसे, आणि पटली की सोडतही नसे.

एका उन्हाळ्यात नगराचं पाणी अचानक बंद झालं.

हौद तळाला जाऊ लागले. राणीनं बैलगाड्या जुंपून तलावावरून पिंपं भरून आणवली, पण तेवढ्यानं नगराची तहान कशी भागणार? अखेर राणीनं हैमवतीबाईंना दरबारात बोलावलं.

"बाई, नळ कुठे तुंबलाय?"

"मला ठाऊक नाही, राणीसाहेब."

प्रधानजी हसले. "ठाऊक नाही? मग इतकी वर्षं मुलांना शिकवलंत तरी काय?"

"उत्तर ठाऊक नसताना काय करायचं, ते."

राणी म्हणाली, "अमावास्येपर्यंत पाणी आलं नाही तर मला नगर रिकामं करावं लागेल. म्हातारी, आजारी माणसं टेकडी उतरू शकणार नाहीत, हे मलाही कळतं. काय करायचं ते लवकर करा."

"मग हे काम माझ्या मुलांवर सोपवा," बाई म्हणाल्या. "माझे गुडघे आता डोंगर चढत नाहीत. त्यांचे पायही चालतात आणि डोकीही."

तेजोनिधी त्याच दिवशी कुदळ घेऊन निघाला. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. टेकडी उतरताना ते वाचतील याची त्याला खात्री नव्हती. नळ पूर्वी जिथे जिथे तुंबला होता, तिथे तिथे तो खणत सुटला. हातांना फोड आले, ते फुटले, पण प्रत्येक ठिकाणी नळ धडधाकट निघाला.

मग प्रधानजींनी फर्मान काढलं, "तलावापासून सुरुवात करा. एकेक उसासा उघडत खाली या."

रेवा पुढे झाली. "प्रधानजी, असं केलं तर अमावास्या उलटून जाईल. आधी मधला उसासा उघडू या."

"मधलाच का? नळ तिथे तुंबलाय असं तुला वाटतं?"

"नाही. कुठे तुंबलाय ते मला माहीतच नाही. पण मधल्या उसाशात पाणी दिसलं, तर त्याच्या वरचा सगळा नळ मोकळा आहे. नाही दिसलं, तर खोळंबा वरच आहे. काहीही निघालं तरी निम्मा डोंगर आपल्याला बघावा लागणार नाही. उरेल त्याचं पुन्हा निम्मं करू."

प्रधानजींना ते पटलं नाही, पण राणीला पटलं.

माणसांनी पहारी लावल्या, मधली शिळा हलली. आत कोरडं ठक्क! लोकांचे चेहरे उतरले, रेवा मात्र खूश झाली. "खोळंबा वर आहे!" वरच्या निम्म्या भागाचा मधला उसासा उघडला, तिथे पाणी काठोकाठ उभं होतं. म्हणजे खोळंबा या दोन उसाशांच्या मध्ये. असं निम्मं निम्मं करत ती मंडळी शेवटी अशा जागी आली, की वरच्या उसाशात पाणी आणि लगेच खालच्यात फक्त ओल.

पण त्या दोन उसाशांमधलं अंतरही थोडंथोडकं नव्हतं. खणायचं नेमकं कुठे? रेवा तेजोनिधीकडे वळली. "तुला सगळे जुने खोळंबे पाठ आहेत. त्यांत सारखं काय होतं?"

तेजोनिधीनं असा विचार कधी केलाच नव्हता. तो डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणाला, "जागा दर वेळी वेगळी होती. पण बहुतेक वेळा जवळ पिंपळ होता."

समोरच एक पिंपळ सळसळत होता. त्याच्या बुंध्यापाशी खणलं, तर नळाच्या सांध्यातून मुळं आत शिरून वेणीसारखी गुंफलेली! ती कापून काढली आणि पाणी खळाळत खाली धावलं. तिथेच ढोल वाजले. लोक नाचत नगरात परतले आणि हौदांभोवती जमून वाट बघू लागले.

पाणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही आलं नाही. आदल्या दिवशी डोक्यावर घेऊन नाचणारी माणसं आता टोमणे मारू लागली. प्रधानजी म्हणाले, "बघितलंत? पोरखेळाच्या नादात दिवस फुकट गेले. आता माझी माणसं एकही शिळा उचलणार नाहीत."

रेवा रडवेली होऊन बाईंकडे आली. "बाई, माझी रीत चुकली."

"रीत चुकली, की तू काही धरून चालली होतीस?"

रेवानं डोळे पुसले. मग म्हणाली, "नळ एकाच ठिकाणी तुंबलाय, असं मी धरून चालले होते. तसं मला कुणीच सांगितलं नव्हतं."

"मग आता?"

"वरचा खोळंबा गेला. पाणी आता मधल्या उसाशापर्यंत आलं असेल, तर दुसरा खोळंबा त्याच्या खाली आहे. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून नको, उरलेल्या निम्म्यापासून सुरुवात करायची."

"मग इथे काय बसलीस?" बाई म्हणाल्या.

माणसं मिळेनात, तेव्हा तेजोनिधी घरोघर फिरला. "मी माझ्या पाठांतरावर विसंबून उगाच खणत बसलो," तो लोकांना सांगायचा. "तिच्या रीतीनं एक खोळंबा तरी सापडला. अजून एकदा हात लावा." शाळेतली मुलं आली, कुंभार आले, विणकर आले, बायकाही पदर खोचून आल्या.

मधल्या उसाशात आता पाणी आलं होतं. रेवाचा जीव भांड्यात पडला. खालच्या भागाचं निम्मं, त्याचं निम्मं असं करत ते गाडीवाटेपाशी पोचले. तिथे खणल्यावर सगळा उलगडा झाला. पाण्याची पिंपं वाहणाऱ्या जड गाड्या रोज याच वाटेनं येत-जात होत्या. त्यांच्या ओझ्यानं खालची खापरं चुरून खचली होती. तहान भागवायला केलेल्या धडपडीतच दुसरा खोळंबा तयार झाला होता.

कुंभारांनी नवी खापरं बसवली, सांधे चुन्यानं लिंपले आणि वर दगडी फरशीची कमान केली. अमावास्येच्या आदल्या सकाळी हौदात आधी नुसती हवा सुसकारली, मग गढूळ धार आली आणि बघता बघता स्वच्छ पाणी उसळू लागलं. बायका घागरी घेऊन धावल्या. कुणी तोंडावर पाणी मारून घेतलं, कुणी उभ्या उभ्या भिजलं. तेजोनिधी मात्र तांब्या भरून थेट घरी पळाला.

राणीनं रेवाला नळाची मुख्य अधिकारी नेमायचं ठरवलं. रेवा म्हणाली, "राणीसाहेब, नेमणूक दिलीत तर आनंदच आहे. पण मी आजारी पडले, परगावी गेले, तर काय? ही रीत सगळ्यांना आली पाहिजे." मग ती आणि तेजोनिधी आळीआळीतून फिरले. कशानंतर काय करायचं, पाणी दिसलं तर कुठे वळायचं, नाही दिसलं तर कुठे, हे त्यांनी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं, की ज्यानं आयुष्यात कधी नळ पाहिला नव्हता त्यालाही ते जमावं.

पुढे काही वर्षांनी नळ पुन्हा तुंबला. रेवा आणि तेजोनिधी तेव्हा दूरच्या राज्यात गेले होते. त्यांना बोलवायला कुणी घोडा दौडवला नाही. नगरातल्या लोकांनीच पहारी उचलल्या, आणि हौद अर्धे व्हायच्या आत पाणी परत आलं.

म्हणून लक्षात ठेवा: प्रश्न कितीही मोठा असो, जो त्याचे तुकडे करत जातो, अडला की आपण काय धरून चाललो होतो ते तपासतो आणि सापडलेली वाट सगळ्यांना दाखवतो, त्याला कुठलाच प्रश्न फार काळ अडवू शकत नाही.