बुवांना खाली न्यायचंय

"...पण माणसं परत आणायची कशी, बुवा? तेवढं सांगा."

शशिकांत मोहोळकर टेकडीच्या पायऱ्या चढून आला होता आणि अजून धापा टाकत होता. बसायलाही तयार नव्हता.

सोमगिरी बुवा देवळाच्या ओट्यावर बाज टाकून शेंगा सोलत बसले होते.

"कुठली माणसं?"

"आमच्या सोबत मंडळाची."

गावात हे मंडळ सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्यामागे कोणी नाही त्याला शेवटचा खांदा द्यायचा, एवढंच त्याचं काम. शशिकांत मंडळाचा अध्यक्ष. दारोदार खटपट करून त्याने मंडळाला शववाहिका मिळवून दिली होती. तिच्या मागच्या काचेवर आपलं नाव घालायलाही तो विसरला नव्हता. आणि गाडी आल्यापासून मंडळाची माणसं येईनाशी झाली होती.

"ग्रुपवर पन्नासेक जण आहेत," शशिकांत म्हणाला. "कोणी गेल्याचा निरोप टाकला की लगेच पन्नास जोडलेले हात येतात. माणूस एक येत नाही. मी काय करायचं ठेवलंय? टोप्या वाटल्या. सत्कार केले. वर्षाचं जेवण ठेवलं. जेवायला बरोबर येतात."

"जेवण चांगलं असेल."

शशिकांत हसला नाही.

"रविवारी बैठक आहे. मंडळ बंद करू या म्हणतायत. मी होऊ देणार नाही, बुवा. एकटा उरलो तरी चालवीन."

"एकटाच तर चालवतोयस."

...

बुवांनी मूठभर दाणे त्याच्यापुढे धरले. त्याने घेतले नाहीत.

"पूर्वी तिरडी कोण बांधायचं?" बुवांनी विचारलं.

"देशमाने सर. आता लागत नाही. गाडीत स्ट्रेचर आहे. मीच म्हटलं त्यांना, सर, आता तुम्ही आराम करा. मी बघतो सगळं."

"मग?"

"करतायत आराम."

"आज कोणाचं आहे?"

"स्टँडवर पेपर विकायचा ना, तो गुलाबमामा. काल दवाखान्यातच वारला. त्याचं कोणी नाही. संध्याकाळी मी आणि ड्रायव्हर किसन, दोघं उरकू. स्ट्रेचरला चाकं आहेत, ढकललं की झालं."

एवढं बोलून तो थांबला. आपलेच शब्द त्याला आवडले नव्हते. गुलाबमामाने त्याला कित्येक वर्षं रोज सकाळी हाक मारून पेपर दिला होता. त्या माणसाला आज दोघंजण ढकलत नेणार होते, आणि याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

"मीही येतो," बुवा म्हणाले.

"चला की."

बुवा बाजेवर सरळ आडवे झाले.

"ने मला खाली."

शशिकांत बघतच राहिला. बुवांना पायऱ्या उतरताना कित्येक वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं; आता पाय चालत नसतील, असं त्याला वाटलं.

"पाठीवर घेऊ?"

"नको. बाजेसकट."

"बुवा, बाजेला चार माणसं लागतात."

"लागतात खरी."

"बाजारातून हमाल बोलावतो. देऊ काय ते त्यांचं."

"हमाल नकोत. तुझी माणसं आण."

"ती येत असती तर मी इथे कशाला आलो असतो?"

बुवांनी डोळे मिटले. म्हाताऱ्याचा हट्ट सगळ्या पंचक्रोशीला माहीत होता. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी नाहीच.

शशिकांतने फोन काढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेला. "सर्व सन्माननीय सदस्यांना कळविण्यात येते की, आज सायंकाळी सोमगिरी बुवांना टेकडीवरून खाली न्यायचे आहे..."

निरोप गेला. फोन लगेच टिणटिणायला लागला. जोडलेले हात. फुलं. पुन्हा जोडलेले हात. एकाने तर बुवांच्या आत्म्याला शांती चिंतली.

"काय म्हणतायत?" बुवांनी डोळे न उघडता विचारलं.

"तुम्हाला श्रद्धांजली वाहिलीय."

"बरं झालं. तेवढं एक काम उरकलं."

...

ऊन उतरायला लागलं. खाली रस्त्यावरून शववाहिका दवाखान्याकडे जाताना दिसली. शशिकांत दोनदा बाजेभोवती फिरला. डोक्याकडची बाजू धरून उचलून पाहिली. बाज एका अंगाने वर आली आणि बुवा पायांकडे घसरले. शशिकांतने बाज खाली ठेवली.

मग त्याने देशमाने सरांना फोन लावला. गेल्या दिवाळीनंतर तो त्यांच्याशी बोलला नव्हता.

"सर, शशिकांत बोलतोय."

"वाचला निरोप."

"निरोपाचं नाही, सर. मी टेकडीवर आहे. बुवांना बाजेसकट खाली न्यायचंय. मला..."

हा माणूस मंत्र्यांसमोर कधी अडखळला नव्हता.

"मला एकट्याला होत नाही, सर. तुम्ही हवेत."



...

"वेळू आहेत का तिथे?" सरांनी विचारलं.

"मांडवाचे दोन आहेत."

"आखूड तर नाहीत ना?"

"पुरतील."

"दोर मी आणतो. तुझ्याकडचा नायलॉनचा लावू नकोस, गाठ सुटते त्याची. आणि मी येईपर्यंत बाजेला हात लावू नकोस."

पुढचे दोन फोन त्याने मंडळाच्या जुन्या माणसांना उभ्याउभ्याच केले. शिवणकाम करणारा इस्माईल "आलो" एवढंच म्हणाला. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या उषाताईंनी आधी त्याला चांगलं फैलावर घेतलं.

"दोन वर्षांत आज आठवण झाली होय रे? बायकांचा खांदा चालतो ना तुझ्या अध्यक्षपदाला?"

"चालतो, ताई. लवकर या."

तिघंही आली. सर पायऱ्यांवर दोनदा बसून, पण आले. आल्याआल्या त्यांनी बाजेखाली वेळू घातले आणि सुती दोराने आवळले. वयाने हात थरथरत होते, गाठी मात्र पक्क्या बसत होत्या.

शशिकांत सवयीने पुढे जाऊन उभा राहिला आणि सूचना द्यायला लागला.

"तू मागे ये," सर म्हणाले. "उतारावर ठेंगणा माणूस मागे लागतो. आणि बोलू नकोस, श्वास पुरणार नाही."

शशिकांत मागे गेला.

चौघांनी बाज उचलली. पायऱ्या उंच होत्या, बुवा काटकुळे असले तरी बाज सागवानी होती. मधेच इस्माईलचा पाय घसरला, उषाताईंनी आपल्या बाजूने भार पेलला, सर ओरडले, कोणीतरी हसलं. पुढे सगळेच हसत सुटले. शशिकांतचा खांदा सोलवटला होता आणि त्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं.

स्मशान टेकडीच्या पायथ्याशीच, ओढ्यापलीकडे. फाटकाशी शववाहिका उभी होती. त्यांनी बुवांची बाज निंबाखाली ठेवली.

किसनने गाडीचं दार उघडलं आणि स्ट्रेचर ओढायला हात घातला.

"थांब," सर म्हणाले.

त्यांनी बाजेचे वेळू सोडवले. कोणी काही ठरवलं नाही, कोणी कोणाला सांगितलं नाही. तिरडी बांधून झाली तेव्हा चौघंही आपापल्या जागी होते.

शशिकांत मागेच उभा राहिला.

गुलाबमामाला त्यांनी गाडीपासून चौथऱ्यापर्यंत नेलं. अंतर फार नव्हतं. तरी सरांनी मधे एकदा थांबायला लावलं, विसाव्याला थांबतात तसं. उषाताईंनी पदराने डोळे पुसले. गेलेल्या माणसाचं नात्याचं तिथे कोणी नव्हतं, आणि तरी तिथे कोणी परकं वाटत नव्हतं.

चिता पेटल्यावर सगळे ओढ्यावर हातपाय धुवायला गेले.

"रविवारी बैठक कुठे आहे?" इस्माईलने विचारलं.

"बैठक राहू दे," सर शशिकांतकडे बघून म्हणाले. "पुढच्या वेळी फोन कर. त्या ग्रुपवर नको. घरी कर."

"करतो, सर."

"आणि ती तिरडी सैल बांधली होतीस तुझ्या बाजूने."

"शिकवा मग."

सरांनी खिशातला उरलेला दोर काढून त्याच्या हातात दिला.

परतताना शशिकांतला बुवांची आठवण झाली. दिवस मावळायच्या आत त्यांना वर पोचवायला हवं होतं. "चला," तो म्हणाला, "अजून एक फेरी आहे. चढ आहे, आणखी दोघांना बोलावू."

ते निंबाखाली आले. बाज रिकामी होती.

बुवा अर्ध्या पायऱ्या चढून गेले होते. काठी नाही, आधार नाही, एका लयीत चालले होते.

शशिकांत धावत पायऱ्यांपाशी गेला.

"बुवा... तुम्हाला चालता येतं?"

बुवा थांबले. वळून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिघांकडे पाहिलं.

"येतं की. पण येतं म्हणून कोणाला हात लावूच द्यायचा नाही का रे?"