तांबटाच्या लेकीची हाक

एकदा एका तांबटाचा जीव थाऱ्यावर राहिना. भांडे ठोकताना घाव चुकू लागला. कारण होते त्याची सात वर्षांची येसू. पोर जन्मापासून बहिरी. दिवसभर हातवारे करी आणि गल्ली हसे. तांबटाने हट्ट धरला, पोरीने तोंडाने एकदा तरी 'बाबा' म्हणावे. रोज संध्याकाळी तो पंच्याने तिचे हात पाठीशी बांधी आणि समोर बसून ओठ हलवी. महिना गेला. शब्द उमटला नाहीच. उलट आठ दिवसांपासून हात सुटे असतानाही ती काही मागेना. भूक लागली तरी भिंतीकडे तोंड करून बसे.

तांबट गावातल्या वृद्ध बुवांकडे गेला. लहानपणापासून तो त्यांच्याच पायाशी बसून शिकला होता. म्हणाला, "बुवा, पोर विझत चालली."

दुसऱ्या दिवशी बुवा तांबटाच्या कारखान्यात येऊन बसले. "सगळ्या कारागिरांना ठोकायला सांग," म्हणाले.

पाच हातोडे पडू लागले. त्या दणदणाटात बुवा, हात मांडीखाली दाबून, तांबटाशी बोलू लागले. तांबट ओठांकडे बघून बघून घामाघूम झाला. शेवटी न राहवून त्याने हात वर केला. हातोडे थांबले.

"शेवटचा शब्द कोणता बोललो?"

"बाबा."

"मामा म्हणालो मी."

तांबट वैतागला. "दोन्हींना ओठ सारखेच मिटतात, बुवा. कसं कळायचं?"

"तू तर हे शब्द जन्मभर ऐकलेस. तिनं एकदाही नाही. बरं, हातोडे कसे थांबवलेस? ओरडलास?"

"इथं ओरडून कुणाला ऐकू जातंय? हात वर केला. सांडशी हवी तर दोन बोटं, पाणी हवं तर अंगठा. आजोबांपासून असंच चालतं."

"आणि तुम्हाला कुणी मुकं म्हणत नाही. अरे, कानाची वाट बंद झाली की वाणी हातात उतरते. बहिऱ्यांच्या खुणा म्हणजे मोडकं बोलणं नव्हे. ती त्यांची भाषाच आहे, डोळ्यांनी ऐकायची. उद्या चार शब्द तोंडानं शिकली तर आनंदच. पण जिच्यात तिला भूक सांगता येते, ती भाषाच तू बांधून ठेवलीस."

तांबट तसाच घरी गेला. येसूसमोर बसला, तिची मनगटे चोळत राहिला, मग सोडून दिली. बऱ्याच वेळाने येसूने उजवी मूठ डाव्या तळव्यावर दोनदा आपटली.

"काय मागतेय ही?" त्याने बायकोला विचारले.

"मागत नाहीये. तुम्हाला हाक मारतेय. ठोके घालतो तो बाबा. दोन वर्षांची होती तेव्हापासून असंच म्हणते."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

या हाकेला ओ कशी द्यायची, एवढेही तांबटाला ठाऊक नव्हते. ते त्याने येसूलाच विचारले, अडखळत, हातांनी.