न धुतलेला दगड

एका राज्यात, जिथे पक्ष्यांना वाचा होती आणि मांत्रिकांना मान होता, तिथे अनुमती नावाची राणी होती. लग्नानंतर सात वर्षांनी तिला मुलगी झाली. बारशाला सारं नगर लोटलं. पण पाळण्यापाशी जाणं सोपं नव्हतं. दाराशी राणीने पाण्याचं घंगाळ ठेवलं होतं. हात धुतल्यावाचून कुणी आत यायचं नाही. राजा सुकेतूसुद्धा धुऊनच आला.

डोंगरावरचा मांत्रिक वक्रशिख आशीर्वाद द्यायला आला. त्याने हात धुतले.

"नखं राहिली," राणी म्हणाली.

त्याने पुन्हा धुतले.

"कोपरापर्यंत."

त्याने तिसऱ्यांदा धुतले. राणीने त्याचे हात उजेडाकडे धरून पाहिले आणि म्हणाली, "आणखी एकदा धुतलेत तर बरं."

घंगाळातलं पाणी काळं पडलं.

"तुला धुण्याची एवढी हौस," वक्रशिख म्हणाला, "तर लेकीला पाण्यातच ठेव. पंधरा दिवस जगवलीस तर मुलगी परत मिळेल. मेली तर मासाच मेला असं समज."

पाळण्यात बोटभर सोनेरी मासा तडफडत होता. दाई चंपाक्काने तो ओंजळीत उचलला आणि पाण्याच्या तांब्यात सोडला.

राजाने स्फटिकाची टाकी करवली. राणीने रोज सकाळी तिचं सगळं पाणी उपसावं, तळाचे खडे राखेने घासावेत, आणि नवं, थंडगार पाणी भरावं. मासा वर येऊन तोंड उघडी की राणी म्हणे, "भूक लागली माझ्या बाईला!" आणि शेवया कुस्करून घाली. प्रहराला एकदा. कधी दोनदा. मध्येच उठून पाहावं, बसावं, पुन्हा उठावं. नगरातले झाडून सारे पाणके राजवाड्यावर राबू लागले. घरोघरी हंडे कोरडे पडले. इतकं केल्यावर मासा टुणटुणीत नसावा का? पण नव्हता. दहाव्या दिवशी त्याच्या परांवर लाल रेघा उमटल्या, आणि तो सारखा वरच राहून तोंड उघडझाप करू लागला.

राणीने शेवयांची वाटी उचलली. तेवढ्यात खिडकीत खंड्या येऊन बसला.

"हाकला त्या मेल्याला!" चंपाक्का ओरडली. "मासेखाऊ आहे तो, राणीसरकार!"

"म्हणूनच माशांची पारख मला आहे," खंड्या म्हणाला. "राणी, तिला भूक नाही. तिला दम लागलाय. तुझ्या शेवया तळाशी कुजल्या, त्यांचं विष झालं. खड्यांच्या बुळबुळीत विष खाणारे अदृश्य सेवक राहतात. त्यांना तू रोज राखेने घासून मारलंस."

राणीच्या हातातली वाटी खाली आली.

"म्हणजे मीच?"

"तूच. आता तीन कामं कर. आजचा दिवस घास टाकू नकोस. उद्या वक्रशिखाच्या कुंडातला दगड आण, न धुता. आणि मग शेवटपर्यंत टाकीत हात घालू नकोस. पाणी बदलायचं ते चौथा हिस्सा, दिवसभर उघड्यावर ठेवलेलं, उंचावरून बारीक धारेने. एवढंच."

"एवढंच?" राणी म्हणाली. तिला याहून अवघड काही सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. वाघिणीचं दूध वगैरे.

तो दिवस कसा गेला ते राणीलाच ठाऊक. मासा तोंड उघडी, राणी भिंतीकडे तोंड करी. संध्याकाळी चंपाक्का म्हणाली, "एक शेवई टाकू का? बारीक?"

"चंपाक्का, वाटी घेऊन जा. दूर."

दुसऱ्या दिवशी राणी डोंगर चढली. वक्रशिखाच्या अंगणात कुंड होतं, शेवाळाने हिरवं. त्यात हातभर लांबीचे मासे डौलात फिरत होते, पांढऱ्यावर केशरी ठिपक्यांचे.

"हात धुऊन आलीस?" वक्रशिखाने विचारलं.

"तीनदा. रिठ्याने."

"मग कुंडाला शिवू नकोस. तुझ्या रिठ्याचा फेस माझ्या माशांना सोसायचा नाही."

राणीने आपल्या हातांकडे पाहिलं. मग कुंडाबाहेरच्या चिखलात कोपरापर्यंत हात घातले, खसाखसा चोळले आणि कुंडातून सांडणाऱ्या ओहोळात बुचकळले.

वक्रशिख हसला नाही, पण बाजूला झाला. "ने. वाटेत वाळू देऊ नकोस."

दगड काळा, गिळगिळीत, वास मारणारा. राणीने तो भिजल्या पदरात गुंडाळला. वाटेत झरा लागला, काचेसारखा. एकदा बुडवला तर काय बिघडणार होतं? राणी झऱ्यापाशी थांबली, दोन पावलं मागे आली, आणि मग जी धावत सुटली ती राजवाड्याच्या पायरीवरच थांबली.

दगड तळाशी ठेवला. त्यानंतर हात बांधून बसणं आलं. तेरावा दिवस गेला, तोंडाची उघडझाप कमी झाली. चौदावा गेला, परांवरच्या रेघा फिकटल्या. टाकीपुढे राणीच्या येरझाऱ्यांनी गालिचा विरला.

पंधराव्या दिवशी दुपारी मासा तळाशी गेला आणि दगडाला टेकून निश्चल पडला.

"हलवून तरी बघ!" राजा म्हणाला.

"काठी आणू?" चंपाक्का म्हणाली.

राणीचे हात शिवशिवले. तिने ते मांडीखाली घेतले, टाकीला नाक लावलं आणि नुसतं पाहिलं. पाहता पाहता तिला दिसलं की माशाचा कल्ला हलतोय. सावकाश. पुन्हा सावकाश.

"कुणी बोलू नका," ती म्हणाली. "झोपलीय ती."

आणि हे तिने म्हटलं मात्र, टाकीतलं पाणी कडेवरून भळाभळा सांडलं. आत दगडाला टेकून राजकन्या होती, उरल्यासुरल्या पाण्यात, डोळे चोळत, रागावलेली. राणीने तिला उचललं आणि छातीशी धरलं.

शाप सरला. पाणके आपापल्या विहिरींवर परतले, घरोघरी हंडे भरले. राहिलेलं बारसं झालं, चारुलेखा नाव ठेवलं, वक्रशिखाने एकदाच हात धुऊन आशीर्वाद दिला.

चारुलेखेच्या गालावर शेवाळाचा एक हिरवा पट्टा तसाच होता. राणीने तो पाहिला, पण हात लावला नाही. तो संध्याकाळच्या अंघोळीला निघाला.