चौदा उंबऱ्यांची थंडी

खाडीवर साकव नव्हता, होडीशिवाय गारवलीला वाट नव्हती, त्या काळची ही गोष्ट. वर डोंगर, खाली समुद्र आणि उतारावर एकाखाली एक चौदा घरं, एवढंच गाव. शेजारची गावं घाम पुसत असायची तेव्हा गारवलीत शेकोट्या पेटायच्या. डोंगराच्या खिंडीतून गार वारा सरळ गावात उतरायचा.

सगळ्यात वरच्या घरात आवडाबाय राहायची. नारळाचं तेल काढायची. भाताची कापणी झाली की ती रोज करवंटीत तेल ओतून उंबऱ्यावर ठेवायची. ज्या सकाळी ते थिजून पांढरं होई, त्या सकाळी ती हाळी द्यायची, "आली गो थंडी!" आणि सगळं गाव त्याच दिवशी वाल पेरायचं. थंडीआधी पेरला तर वाल कुजायचा, उशीर झाला तर जमिनीतली ओल उडून जायची. आवडाबायची हाळी कधी चुकली नाही, असं म्हणतात.

मग एक साल आलं, त्याचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे ते कुणाला कळेना. आदल्या वर्षी शेंगांना कीड लागली होती, त्यामुळे घरोघर एका पेरणीपुरतंच बी उरलं होतं. मार्गशीर्षातल्या एका सकाळी तेल थिजलं. आवडाबाय हाळी देणार, तोच समुद्राकाठच्या शेवटच्या घरातली चांगुणा वर आली, पदराने घाम पुसत.

"काय उकडतंय गो बाय! रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

आवडाबायने तेलाकडे पाहिलं, चांगुणाच्या कपाळाकडे पाहिलं. खरं कोण? ती करवंटी घेऊन उतार उतरली. चांगुणाच्या दारात पोचेपर्यंत तेलाचं पाणी झालं. परत वर आणली, तर पुन्हा पांढरं! आठ दिवस ती अशी वरखाली फिरत राहिली, असं म्हणतात. हाळी दिली तर खालच्यांचं बी कुजणार. नाही दिली तर वरच्यांची ओल जाणार. तिला आपल्या तेलाचा संशय आला, मग नारळांचा, मग स्वतःचा. इतकी वर्षं आपल्याला कळत होतं की नुसतं जमून जात होतं?

"अगो, बोल की कायतरी!" गावचा पोशा पाटील तिच्यावर खेकसला. "शेतं सुकली तर पोरांना काय, तुझं तेल पाजू?"

नवव्या दिवशी ती गावदेवीच्या अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "मला कळत नाही."

कुणी हसलं, कुणी रडायला लागलं. ती पुढे म्हणाली, "चौदा घरांची थंडी मी एका उंबऱ्यावर बसून सांगत होते. आपापल्या दारात तेल ठेवा. ते थिजेल तेव्हा पेरा."

"चौदा दिवसांत चौदा पेरण्या? बापजाद्यांनी कधी केलं नाही असलं!"

"बापजाद्यांच्या वेळी थंडी धावत यायची, पाटील. आता ती चालत येते."

तिने घरातलं सगळं तेल वाटून टाकलं. पाटलाने मात्र आपल्या दारातलं तेल पातळ असतानाच हट्टाने पेरलं, आणि त्याचा वाल कुजला. आवडाबायने स्वतः न पेरता राखलेलं आपलं बी त्याच्या ओटीवर नेऊन ठेवलं.

आणि थंडी खरंच चालत आली. रोज एक घर. आज या दारातलं तेल पांढरं, उद्या त्याखालच्या. आवडाबाय रोज तिच्यासोबत एक घर उतरायची. दवावर पावलं मात्र दोघींची उमटायची, असं म्हणतात. खालच्या शेतातली ओल जणू कुणी मुठीत धरून ठेवली होती. चौदाव्या सकाळी चांगुणाच्या दारात तेल थिजलं. त्या वेळी एक लाट किनाऱ्याशी येऊन पांढरीशुभ्र उभी राहिली, आणि आवडाबाय तिच्यावर पाय देऊन पुढे निघून गेली. कुणी म्हणतं समुद्रात गेली, कुणी म्हणतं थंडीबरोबर पुढच्या गावाला. नक्की काय ते गारवली अजून सांगू शकत नाही.

आजही गारवलीत शेंगा आधी वरच्या घरांना धरतात. पण भांबुर्ड्याचा रानपाला घालून शेंगा भाजायला पोपटीचं मडकं लावायचं, ते शेवटच्या घराच्या शेंगा भरल्यावरच. तोवर पहिल्या घराने आपली शेंग भाजायची नाही. पोरं रोज कुरकुरतात, "कधी गो पोपटी?"

आणि गावातलं सगळ्यात शहाणं माणूस उत्तर देतं, "मला कळत नाही. खाली जाऊन बघून ये."