तळ्याकाठची शांतता

“मग समाधी म्हणजे आणखी काय असतं, गुरुजी?”

वीरदच्या आवाजात प्रश्न कमी आणि ऐट जास्त होती. जावा बेटावरच्या एका ज्वालामुखीच्या उतारावर तनक आचार्यांचा मठ होता आणि वीरद हा त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. हुशार होता, यात वाद नाही. फक्त ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

“पुन्हा सांग. काय होतं तिथे?”

“तळ्याकाठच्या खोलगटात उतरलो की विचार थांबतात. हातपाय हलके होतात. मी वरच्या खडकावरच बसतो, तरी अशी गुंगी येते की उठावंसं वाटत नाही.”

“आणि नंतर?”

“डोकं जड होतं थोडं. मोठा अनुभव पेलायचा म्हणजे तेवढं व्हायचंच.”

आचार्यांनी डोंगराकडे पाहिलं.

पावसाळ्याआधी डोंगर आतून गुरगुरला होता. तेव्हापासून तळ्याचं निळं पाणी दुधाळ हिरवं झालं होतं आणि चवीला आंबट लागत होतं. मासे पोटं वर करून तरंगले. तळ्यातून निघणाऱ्या नदीतले दगड तांबूस पडले आणि ते पाणी प्यायलेली गुरं आजारी झाली. गाव भेदरून गेलं होतं. कोण भेदरणार नाही?

“तिथे डास चावतात?” आचार्यांनी विचारलं.

“एकही नाही.”

“बेडूक?”

“छे. पाखरूसुद्धा फिरकत नाही. अशी शांतता मला आजवर कुठेच मिळाली नाही.”

आचार्यांचा हात थरथरू लागला. वीरदला ते दिसलं आणि खरं सांगायचं तर त्याला मनातून बरंही वाटलं. सगळा जन्म तपात घालवलेला माणूस, आणि हात कापतोय.

“तुम्ही घाबरलात, गुरुजी?”

“हो.”

“मी नाही घाबरत. गावाची भीतीही आज घालवतो. सगळ्यांना बोलावलंय, पोराबाळांसकट. येतीलच आता. खाली, अगदी पाण्यालगत बसवणार आहे त्यांना.”

आचार्य उठले. सुक्या झावळ्यांची चूड त्यांनी चुलीत पेटवली आणि ती हातात धरून ते तळ्याच्या वाटेला लागले. या वयात ते इतक्या भरभर चालतात, हे वीरदला माहीत नव्हतं.

खोलगटात अजून ऊन उतरलं नव्हतं. पान हलत नव्हतं.

खडकाच्या अलीकडेच आचार्य थांबले. चूड खांद्याच्या उंचीवर धरली. चांगली जळत होती. मग ती हळूहळू खाली नेली.

छातीपाशी ज्योत बारीक झाली.

कमरेपाशी विझली.

धूर वर गेलाच नाही. तिथेच, कमरेच्या उंचीवर, आडवा पसरून राहिला.

“वारा असेल,” वीरद म्हणाला.

“कुठे आहे वारा?”

“डोंगराच्या पोटातली हवा पाण्यात विरते,” आचार्य दबक्या आवाजात म्हणाले. “पाण्याला पेलवेनाशी झाली की बाहेर येते. दिसत नाही. जड असते, म्हणून खोलगटात साचते.”

“पण मी तर इथेच बसत होतो… जिवंत आहे.”

“खडकावर बसत होतास.”

वरच्या वाटेवर बोलणं ऐकू आलं. गाव येत होतं. सगळ्यांच्या पुढे चार-पाच वर्षांची एक मुलगी उतारावरून धावत सुटली होती, आणि मागून तिची आई तिला हाका मारत होती.

आचार्यांनी विझलेली चूड टाकली. तळहात मात्र तिथेच, कमरेपाशी, हवेत आडवा धरून ठेवला.

वीरदने त्या हाताकडे पाहिलं. मग धावत येणाऱ्या मुलीकडे पाहिलं. मग पुन्हा हाताकडे.

तिचं डोकं त्या हाताच्या वर येणार नव्हतं.

वीरद धावला. वाटेतच त्याने मुलीला उचललं, खांद्यावर घेतलं आणि तसाच चढ चढत सुटला. “मागे फिरा. कुणीही खाली यायचं नाही. मागे फिरा.”

“अहो, तुम्हीच बोलावलंत ना?” तिच्या आईने विचारलं.

“चुकलो. मागे फिरा.”

लोक कुरकुरत परतले. मुलगी आईच्या कडेवरून वळून वळून तळ्याकडे बघत होती. अर्ध्यातून परत नेल्याचा तिला राग आला होता.

वीरद वाटेच्या कडेला मटकन बसला. हात मांड्यांवर दाबून धरले, तरी कापायचे थांबेनात. आचार्य सावकाश चढून त्याच्याजवळ आले.

“गुरुजी, डोळे मिटले तरी तीच दिसते… खाली पडलेली.”

आचार्य त्याच्या शेजारी बसले.

“ही भीती कशी घालवू?”

“घालवू नकोस. गावात पोरं आहेत.”